तोफखान्यातला स्वयंपाकी

अण्णा गेल्याचा फोन मला ऑफिसात आला. नाशिकहून निफाडजवळच्या आमच्या गावी पोचेपर्यंत चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाही होता. चेहरा माझ्या वडिलांचा, धड कुणा भलत्याचंच, हातात मशीनगन, मागे रणगाडा. खाली ‘शत्रूला धूळ चारणारा योद्धा’. रडता रडता माझं डोकं सणकलं.

अण्णा एकाहत्तरच्या लढाईत होते, पण तोफखान्यात स्वयंपाकी म्हणून. पारावरची मंडळी हयातभर त्यांना डिवचायची. “लढाईत पोळ्याच लाटल्या ना?” अण्णा शांतपणे म्हणायचे, “हा मंग, लय लाटल्या.” मीच घरी येऊन आदळआपट करायचे.

लढाईबद्दल ते माझ्याशी एकदाच नीट बोलले. धुरावरून शत्रूला जागा कळते, म्हणून उजाडायच्या आत चुली विझवायच्या आणि डाळीची डेग दोघांनी उचलून तोफांपर्यंत न्यायची. एका सकाळी वाटेतच गोळा पडला. दुसऱ्या बाजूने डेग धरलेला जोडीदार जागीच गेला... अण्णांनी ती जड डेग एकट्याने ओढत पुढे नेली. “पळून का नाही आलात?” मी विचारलं. ते म्हणाले, “अगं, पोरं उपाशी होती ना तिथं.”

फ्लेक्स लावला होता माझ्या चुलतभावाने, संदीपने. त्याला म्हटलं, “काढ तो.”

“ताई, दहाव्याला मोठी माणसं येतील. स्वयंपाकी लिहिलं तर हसतील लोकं.”

“हसू दे. माझ्या बापाला उसनं धड नको.”

दहाव्याला मी दुसरा फ्लेक्स लावला. लष्कराच्या भटारखान्यात हातात मोठा झारा घेऊन हसणारे अण्णा, खाली ‘तोफखान्यातील स्वयंपाकी’. मागे कुणीतरी फिसकन हसलंच. तेव्हा भाषण करणाऱ्या पुढाऱ्याच्या हातातून मी माइक घेतला. आमच्याकडे दहाव्याला बायका बोलत नाहीत. मी बोलले. त्या सकाळची डेग, तो जोडीदार, सगळं सांगितलं. शेवटपर्यंत थांबले नाही.

आता तो फ्लेक्स माझ्या नाशिकच्या स्वयंपाकघरात, ओट्यासमोर आहे. अण्णांची आठवण रोज येते. पाहुणे विचारतात, “वडील युद्धात काय करायचे?”

“स्वयंपाक,” मी ठणकावून सांगते. कुणी ओठ मुडपले, तर त्याला आधी ताट वाढते आणि मग ती डेग कुणी, कशी ओढत नेली ते ऐकवते. ताटात कुणी काही टाकत नाही.