मागचा बाक

माझ्या मोठ्या भावाने आणलेल्या मोटारीला नाकच नव्हतं. इतर मोटारींचं इंजिन पुढे, झाकणाखाली गुरगुरत असे. हिचं मागच्या बाकाखाली होतं आणि तिथून एक साखळी मागची चाकं फिरवायची. धुळ्याच्या कुणा साहेबाने ती कंटाळून विकली होती. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात ती आली तेव्हा माणसं पुढून वाकून बघत, काही सापडत नसे, आणि मग हसत. "बैल मांगे जुपेल शेतस का रे भाऊ?" असं विचारून विचारून त्यांनी त्याला नकोसं केलं.

हसली नाही ती फक्त वहिनी. ती त्या मागच्या बाकावर ऐटीत बसायची. थंडीत खालून छान ऊब लागते म्हणायची आणि मलाही हात धरून शेजारी ओढायची. भावाने तिला समजावलं होतं, ही गाडी मागून ढकलली जाते, चढावर सगळ्यांनी मागे रेलायचं, म्हणजे चाकं जमीन धरतात. तिला ते एकदा सांगून कळलं. आमच्या वडिलांना, आबांना, कधीच कळलं नाही, कारण त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. त्यांचा जन्म बैलगाडीवर गेलेला. चढावर माणसांनी पुढे सरकायचं, नाहीतर मागच्या भाराने जू वर उचललं जातं, गाडी उलाळते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं.

वहिनी पहिल्याच बाळंतपणात अडली. सुईणीने हात टेकले, म्हणाली, धुळ्याला न्या. आम्ही वहिनीला मागच्या बाकावर निजवलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. वाटेतली नदी आटलेली होती, पात्रात नुसती वाळू. पलीकडचा काठ चढताना चाकं जागीच फिरू लागली.

"बठ्ठा मांगे या!" भाऊ सगळ्यांना ओरडून म्हणाला.

"बठ्ठा पुढे सरका! गाडी उलाळी जाई!" आबा त्याच्याहून मोठ्याने ओरडले.

आमच्या घरात आबांचा शब्द खाली पडत नसे. सुईण पुढे गेली. शेतातून धावत आलेल्या गड्यांना आबांनी पुढच्या अंगाला लटकवलं. कण्हणाऱ्या वहिनीलाही उचलून पुढे घेतलं, आणि मागचा बाक रिकामा झाला. भाऊ रडकुंडीला आला होता. "आबा, मांगे वजन जोयजे, मांगे!"

"माले गाडी शिकाडस का?" आबा म्हणाले.

हलकी झालेली चाकं वाळू उडवत राहिली आणि गाडी पोटापर्यंत रुतली.

मग कुणाची तरी बैलगाडी मिळवली. वहिनी त्या गाडीत, धुळ्याच्या अलीकडच्या देवपूरची घरं दिसायच्या आत गेली, पोटातल्या जिवासकट. शेवटपर्यंत ती मला विचारत होती, मोटार निघाली का?

मोटार बैलांनी ओढून घरी आणली आणि कडब्याच्या छपराखाली लावली. भावाने तिला पुन्हा हात लावला नाही. आबांना तो एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं. मी मात्र त्यांच्यावर मनातून फार चिडले होते. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

पुष्कळ वर्षांनी, आबा काठी टेकत चालू लागल्यावर, एका दुपारी छपराखालून त्यांची हाक आली. भाऊ आणि मी धावलो. आबा मोटारीत चढून मागच्या बाकावर बसले होते, अगदी मागे रेलून.

"भाऊ," ते म्हणाले, "मी मांगे बसनू. हाक आते गाडी."

इंजिन केव्हाच गंजलं होतं. भाऊ पुढे जाऊन बसला आणि त्याने वळवायचं चाक हातात धरलं. मागे आबा हुंदके देत होते, आणि भाऊ मागे वळून न बघता समोरच्या भिंतीकडे पाहत ते चाक घट्ट धरून बसून राहिला.