कमोशन, फ्रेन्झी आणि पाडव्याची म्हैस

कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमनी एकदा मला उभं केलं. कमोशन आणि फ्रेन्झी यांत फरक काय? आता आमच्या कोल्हापुरात दोन्हीला दंगाच म्हणतात, तेच मी सांगितलं. वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "कमोशन म्हणजे नुसता गोंधळ, लांबून बघता येतो. फ्रेन्झी अंगात शिरते, मग समोरचं काही दिसत नाही." मी लिहून घेतलं आणि विसरले. आपल्याला काय, पास झालं की झालं.

त्या दिवाळीच्या पाडव्याला नेहमीसारख्या म्हशी नटवल्या. आमच्याकडं त्यांना सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटरसायकलमागं पळवतात. म्हैस मालकाच्या गाडीचा आवाज बरोबर ओळखते. काकांची म्हैस तर त्यांच्या गाडीमागं लेकरागत जायची. काका गाडी चालू ठेवून गल्लीत थांबले होते, आई ओवाळायला ताट घेऊन दाराबाहेर उभी होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. म्हैस बुजून वळली. लोक ओरडत पळाले, "गाडी बंद करा!" काकांनी घाबरून बंद केली, आणि तिथंच घोळ झाला. ओळखीचा तेवढा एक आवाज गेला आणि म्हैस पार बिथरली. शिंगं भिंतीला घासत ती आईच्या पुढ्यात आली. आईच्या मागं आमचंच दार, पण आत शिरलेल्या शहाण्यांनी कडी लावून घेतलेली.

मी समोरच्या कट्ट्यावर होते. लोक आता चिडीचूप झाले होते, पण म्हैस फुरफुरत होती, डोळे फिरले होते. तिला आई दिसतच नव्हती. मॅडमचं बोलणं आठवलं आणि मी काकांना हाक मारली.

"काका, गाडी चालू करा की."

"खुळी हाईस काय?" कुणीतरी म्हणालं. काकांना मात्र उमगलं. त्यांनी किक मारली. गाडी सुरू होईना. परत मारली. आई भिंतीला चिकटून होती, शिंग तिच्या पदराला लागलं होतं. मग गाडी फटफटली. म्हशीनं कान टवकारले, मान वर केली आणि गेली काकांकडं.

मी आईला धरून रडायला लागले. ती म्हणाली, "उगं. ती बिचारी भ्यालती. मला कसली भीती?"

ताटातला दिवा विझला होता. तिनं काडेपेटी घेतली, पण एकही काडी तिला ओढता येईना. शेवटी दिवा मी लावला, आणि ते ताट दोघींनी मिळून धरून आम्ही म्हशीला ओवाळलं.