मामूंचं कांगारूवालं नाणं

चांदीचं नाणं दाखवायच्या आधी मामू हात धुवायचे, मग ते कडेला दोन बोटांत धरून समोर आणायचे. आपण जरा वाकलो की खेकसायचे, "फूक नोको मारू बे, डाग पडते!" अहो, श्वास घेतला तरी यांच्या लेखी फूक!

जळगाव जामोदला आमच्या घरासमोर त्यांचं शिलाईचं दुकान होतं. साऱ्या गल्लीचे ते मामू, आणि आईचे राखीभाऊ. लोक जुनी, राजा-राणीची नाणी जमवतात. यांना कोरी करकरीत हवीत. दर दिवाळीला सराफाकडून एक घ्यायचे. आखातातला मेहुणा परदेशी आणायचा, त्यातलं ऑस्ट्रेलियाचं कांगारूवालं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ब्लाउजच्या उरलेल्या मखमलीच्या थैल्या शिवून त्यात ती डबीसकट ठेवायचे. कोणी म्हटलं, "मामू, इकता काय?" तर म्हणायचे, "लेकरं इकते काय कोनी? निरी चांदी आहे, नऊशे नव्व्याण्णव."

ताईचं लग्न ठरलं त्या वर्षी कपाशीला बोंडअळी लागली. बीटीला अळी लागत नाही, असं सांगत फिरणाऱ्या बाबांनी एक बोंड फोडून पाहिलं आणि तिथेच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले. आमच्याकडे नवरीची जोडवी मामाने आणायची. आईला सख्खा भाऊ नव्हता. "मामूले काही सांगू नोका," आई म्हणाली, "गावात लग्नंच नाहीत, त्याइले तरी कुठं शिलाई आहे?"

पण समोरच्या दुकानापासून काय लपतंय! मामू मला घेऊन सराफाकडे गेले आणि कांगारूचं नाणं डबीतून काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"मामू, थोडं तांबं टाकू द्या," सराफ म्हणाला. "निरी चांदी नरम असते, वाकते."

मामू भडकले. "लेकीच्या पायात भेसळ घालू काय मी?"

एका नाण्यात जोडवी झाली, शेजारच्या बोटांतल्या मासोळ्याही झाल्या. आणि सराफाचंच खरं ठरलं. सासरी शेतात राबता राबता जोडवी चपटी व्हायची, ताई ती दाबून पुन्हा गोल करायची.

मामू शेवटच्या दुखण्यात असताना ती भेटायला आली. त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली.

"वाकडी झाली ना बेटा? माहाच अडमुठेपणा. सराफाचं ऐकाले पाह्यजे होतं."

ताई त्यांचे पाय चेपत बसली. त्याच आठवड्यात मामू गेले.

पुढे आई तिला सराफाकडे घेऊन गेली. तांबं टाकून नवी घडवून देतो, जन्मभर वाकणार नाहीत, असं तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. ताईने पाय मागे घेतला.

"नोको," ती म्हणाली. "वाकडीच राहू द्या. त्यात काही मिसळाचं नाही."