आडनावानंतरचा स्वल्पविराम

शिवमूर्ती मुगळी आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होते. आम्ही सगळे प्राध्यापक त्यांना मामा म्हणायचो. मूळचे गडहिंग्लजकडचे. घरी बायकोशी, शांतव्वाशी, कानडीत बोलायचे आणि बाहेर अस्सल कोल्हापुरीत. शिक्षण दहावी. १९९१ पासून पुस्तकं उचलता उचलता ते एक काम शिकले होते, संशोधन करणाऱ्यांना संदर्भांची कार्डं लिहून देण्याचं. वरच्या ओळीत लेखकाचं आडनाव, खालच्या ओळीत त्याचं आणि वडिलांचं नाव, मग लेख, मासिक, साल, पान. अक्षर इतकं नेटकं की छापील वाटावं. कॉलेजातल्या निम्म्या पीएच.डी. त्या कार्डांवर उभ्या आहेत आणि एकाही प्रबंधात मामांचे आभार नाहीत. माझ्या प्रबंधातही नाहीत.

२००४ साली विभागात नवा संगणक आला आणि त्याच्यासोबत संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. संदर्भ एकदा त्यात इम्पोर्ट केले की हवी तशी यादी एक्स्पोर्ट करून मिळायची. मी पुण्याला दोन दिवसांची कार्यशाळा करून आले होते आणि तेवढ्यावर मला शिंगं फुटली होती. माझा विषय गुळाचा व्यापार. मामांनी लिहिलेली चारशे बारा कार्डं माझ्याकडे होती. मामा मराठी टायपिंग शिकले होते, तसं इंग्रजीही. मी त्यांना म्हटलं, एकेका लेखकाचं नाव एका ओळीत टाइप करा, बाकीचं मी बघते.

ते पडद्याकडे बघून म्हणाले, "म्याडम, कार्डावर आडनावाची ओळ येगळी हाय. हितं समदं एका ओळीत आलं. आडनाव झाल्यावर स्वल्पविराम देऊ काय? न्हायतर मशीनला कसं कळायचं आडनाव कुठलं आन बापाचं नाव कुठलं?"

"मशीनला सगळं कळतं मामा," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं टाइप करा."

त्याच सुमाराला ग्रंथालयात लिपिकाची जागा निघाली होती आणि मामांचा अर्ज वर गेला होता. तेरा वर्षं 'पाणी आणा' ऐकलेल्या माणसाला टेबल-खुर्ची मिळणार होती. शांतव्वांनी तर शेजारपाजारी सांगूनही टाकलं होतं.

मामांनी आठ दिवसांत काम संपवलं. मी इम्पोर्टचं बटण दाबलं, यादी एक्स्पोर्ट केली, न वाचता छापली, बांधणी केली आणि प्रबंध सादर केला. आळस म्हणा, माज म्हणा, दोन्ही होतं.

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून आडनाव आधी लिहायची सवय. सॉफ्टवेअर परदेशी. स्वल्पविराम नसला तर ते शेवटचा शब्द आडनाव धरतं. त्यामुळे पाटील आकाराम जोतीराम हे माझ्या यादीत 'जोतीराम, पी. ए.' झाले. सगळे संशोधक आपापल्या बापाच्या नावाखाली आणि लग्न झालेल्या बायका नवऱ्याच्या नावाखाली जाऊन बसल्या.

२००५ च्या मार्चमध्ये पीएच.डी.ची खुली मुलाखत झाली. बाहेरून आलेले परीक्षक यादी चाळत होते. एका पानावर, स्वतःच्या लेखाच्या नोंदीशी थांबून म्हणाले, "माझे वडील चंदगडला भात लावायचे. त्यांनी गुळाच्या दरावर इंग्रजीत लेख लिहिलाय, हे मला आजच कळलं."

सभागृह हसलं. शेजारी माझे मार्गदर्शक बसले होते, तेच आमचे उपप्राचार्य. आणि मी म्हणाले, "सर, टायपिंग आमच्या ग्रंथालयातल्या शिपायानं केलंय. त्यांना सांगितलं होतं, पण त्यांच्या लक्षात आलं नसावं."

खोटं बोलायला मला दोन सेकंदही लागले नाहीत. यादी दुरुस्त करून देण्याच्या अटीवर मी पास झाले. ती दुरुस्ती मामांनीच केली, चारशे बारा स्वल्पविराम. ग्रंथालय समितीच्या बैठकीत लिपिकाच्या जागेचा विषय निघाला तेव्हा उपप्राचार्य म्हणाले, ज्याला साधी नावं लिहिता येत नाहीत त्याच्याकडे नोंदी कशा द्यायच्या? त्या बैठकीत मीही होते. मी समोरचा चहा पीत राहिले. जागेवर बाहेरचा माणूस आला.

पुढची चार वर्षं मामा मला पुस्तकं काढून देत होते. मी दिवाळीला त्यांच्या घरी मिठाई पाठवायचे. लाज वाटते सांगायला, पण तेवढ्यानं मला बरं वाटायचं.

२००९ मध्ये ते शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात 'कष्टाळू, मितभाषी' वगैरे मीच बोलले. घरी आले आणि जेवण जाईना. शेवटी पुढच्या रविवारी मंगळवार पेठेत त्यांच्या घरी गेले. मामा ओट्यावर शेंगा निवडत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मुलाखतीत मी तुमच्यावर ढकललं, म्हणून तुमची बढती गेली, मला माफ करा.

"ठावं हाय की," मामा म्हणाले. "मी दारात हुतो. तुमास्नी द्यायला पेढं घिऊन आलतो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुमी बोलशीला वाटलं. वरीसभर वाट बघितली."

तेवढ्यात शांतव्वा पाणी घेऊन बाहेर आल्या. माझ्याकडे बघून त्यांनी मामांना कानडी सोडून मराठीत विचारलं, "त्या दिवशी पेढं परत आणल्यालं, त्या ह्याच बाई काय?"

मामांनी शेंगांतून मान वर केली नाही. "व्हय," म्हणाले, "ह्याच."