शालूचं दूध आणि वाजणारी पेटी

दारापासून तुळशीपर्यंत अंगण सारवून झालं होतं, गोठ्याकडची बाजू तेवढी राहिली होती. शालूने शेणकाल्यात हात घातला आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की श्वास वरच्या वरच अडकला. बाळंत होऊन सवा महिना पाळून ती नुकतीच कामाला लागली होती. डावी पोटरी आठवडाभर सुजलेली होती, पण बाळंतिणीचं अंग दुखायचंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आखाडा बाळापूरहून नांदेडला नेलं. तिथे छातीचा फोटो काढला. फोटो स्वच्छ निघाला, पण दम काही थांबेना. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. नवरा संतराम, सासू सोजराबाई, अंगावर पिणारं लेकरू, अशी सगळी गाडीत बसली. साल सत्त्याहत्तर.

शालू हट्टा गावची. शाळा चौथीपर्यंत, पण प्रश्न विचारायची खोड मात्र शाळा सुटली तरी सुटली नाही. लहानपणी तिने आईला विचारलं होतं, "देव निवद खातो म्हन्तीस, मग ताटातलं कमी काहून होत न्हाई?" आईने पाठीत धपाटा घातला होता. देवावर श्रद्धा मात्र पक्की. दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. वात का चुरचुरते हेही तिला कळायला हवं असे आणि त्या वातीपुढे हातही मनापासून जोडले जात. सोजराबाई म्हणायच्या, "ह्या पोरीचं 'काहून' काही सरत न्हाई."

हैदराबादचे डॉक्टर मूळचे परभणीकडचे निघाले. त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या रक्तातल्याच एका भागाचे अगदी बारीक कण करायचे, त्यांना किरण सोडणारं औषध चिकटवायचं आणि दंडाच्या शिरेत टोचायचं. ते कण फुप्फुसातल्या बारीक शिरांत जाऊन बसतात. वरून यंत्र फिरतं आणि कण जिथे असतील तिथे कागदावर ठिपके मारतं. जिथे रक्त पोचत नाही, तिथे कागद कोरा.

"कोनाच्या रक्तातलं हाय ते?" शालूने विचारलं.

"कुणाच्या तरी. नाव मलाही माहीत नाही."

"देव त्याचं भलं करो," ती म्हणाली आणि दंड पुढे केला.

यंत्र टकटक करत छातीवरून आडवं जायचं, जरा सरकायचं, पुन्हा आडवं यायचं. पेरणीची पाभर शेतातून चालावी तसं. हलू नको म्हटलेलं होतं, म्हणून ती डोळे तेवढे फिरवून बघत होती. संध्याकाळी डॉक्टरांनी कागद दाखवला. दोन्ही फुप्फुसं ठिपक्यांनी भरलेली आणि उजव्यात खाली एक कोरा तुकडा.

"पेरताना नांगी पडल्यावानी दिसतंय," संतराम म्हणाला.

"बरोबर. बियाणं पोचलंच नाही तिथं. पायातली रक्ताची गाठ वर जाऊन अडकली आहे. रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू करतो. बरी होईल." मग ते सोजराबाईंकडे वळले. "हे किरणांचं औषध थोडं दुधात उतरतं. उद्या संध्याकाळपर्यंत लेकराला पाजू नका. दूध पिळून टाकून द्या. दर सहा तासांनी त्याचा जोर निम्मा होत जातो."

"निम्म्याचं निम्मं होत गेलं, तर सरायचं कधी?" शालू.

डॉक्टर हसले. "सरत नाही. पण मोजायच्या लायकीचं राहत नाही."

हे उत्तर शालूला आवडलं. सोजराबाईंना मात्र त्याचीच धास्ती बसली. त्यांचं पहिलं लेकरू हगवणीने गेलं होतं आणि आईचं दूध बाधलं असं बायांनी तोंडावर म्हटलं होतं. व्हरांड्यात येताच त्यांनी लेकरू उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"आता पाजायचं न्हाई. उद्याबी न्हाई, परवाबी न्हाई. डागदरच म्हन्ला, सरत न्हाई म्हनून. शेळीचं दूध घालू बोंडल्यानं."

"आत्याबाई, एक दिवस म्हन्ले त्ये."

"एक गेलं माझं. दुसरं देनार न्हाई."

लेकरू रडलं की शालूचा पदर भिजे. चार दिवस पाजलं नाही तर पान्हा आटणार हे तिलाही ठाऊक होतं.

पिळलेलं दूध लोट्यात होतं. परिचारिका म्हणाली, मोरीत ओता. सोजराबाई कुठल्या ऐकतात? आईचं दूध पायदळी सांडायचं नाही, त्याला मुंग्या लागू द्यायच्या नाहीत, ही रीत. घरी असत्या तर तुळशीला घातलं असतं. पण असलं दूध तुळशीला कसं घालणार? पाजायला नको म्हणणारी सासू सांडायलाही नको म्हणत होती. लोटा खाटेखाली झाकून राहिला.

शेवटी शालूनेच तो उचलला आणि यंत्राच्या खोलीकडे निघाली. मागे सोजराबाई, काखेत लेकरू. यंत्र चालवणारा नरसिंग टेबल पुसत होता.

"फेंकने का है ये, अम्मा," तो म्हणाला.

"कुठं फेकू? तुमीच सांगा," शालू म्हणाली. "पायाखाली न्हाई, तुळशीत न्हाई."

नरसिंगने डोकं खाजवलं. मग किरण मोजायची एक पेटी आणली, तिला वायरने जोडलेली नळी लोट्याजवळ धरली. पेटी वाजायला लागली, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. सोजराबाई दोन पावलं मागे सरल्या. शालू मात्र वाकून ऐकत राहिली. आपलंच दूध बोलून राहिलं, असं तिच्या मनात आलं.

"इथेच ठेवा ह्ये," ती म्हणाली. "उद्या पुन्ना ऐकू."

नरसिंगने लोटा शिशाच्या विटांच्या आड ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं पुन्हा उभी राहिली. दूध नासून फुटलं होतं. नळी जवळ नेली तर एक टक, थांबून दुसरा, मग बराच वेळ काही नाही.

"कुठं गेलं मग त्ये?" आता विचारणाऱ्या सोजराबाई होत्या.

"किधर बी नहीं गया. अंगारा बुझता ना चूल्हे में, वैसा बुझ गया."

सोजराबाईंनी नळीकडे बोट केलं. "त्या भिताडाला लावा."

नरसिंगने भिंतीला नळी लावली. जराशाने पेटी टक वाजली. "दीवार में बी थोड़ा रहता, अम्मा. सब में रहता."

"आमच्या घरच्या भिताडातबी?" शालूने विचारलं.

"उसमें बी."

शालूने आडोशाला जाऊन वाटीत ताजं दूध काढून आणलं. सोजराबाईंनी कान पेटीपाशी नेला आणि लेकराच्या पाठीवर थोपटत बराच वेळ ऐकलं. भिंत जेवढी वाजली होती, तेवढंच दूध वाजलं. डॉक्टर येऊन गेले, पाजा म्हणाले. तरी सोजराबाई हलल्या नाहीत. नळी भिंतीला, मग वाटीला, असं त्यांनी नरसिंगकडून आणखी एकदा करून घेतलं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. लेकरू शालूच्या मांडीवर देऊन त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. "पाज. पन डोक्यावरून पदर घे. परका मानूस हाय."

लेकरू घाईघाईने लागलं, ठसकलं, पुन्हा लागलं. शालूने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. नासलेलं दूध नरसिंगने नळ पूर्ण सोडून वाहत्या पाण्यात घालवलं. वाहत्या पाण्याला सोजराबाईंची हरकत नव्हती.

लेकरू झोपल्यावर शालू उठली. रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायला तिला औषधाच्या खिडकीवर जायचं होतं.