गणूदादांची चौदा पावलं

गणूदादा रस्त्याचं ऐकत. हातातली लांब लोखंडी चावी खड्ड्यात उतरवून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि चावीच्या दांड्याला कान टेकून डोळे मिटायचे. मग आमच्या फाटकाकडे वळून म्हणत, "निघालं गो बाय पानी, कळशी लावा." दोन मिनिटांत नळ खोकायला लागे.

रत्नागिरीत नाचणे गावाच्या बाजूला तेव्हा आमच्यासारखी कौलारू घरं होती नि मधून मधून कलमांच्या बागा. पाणी सोडण्याचं काम वर्षानुवर्षं गणूदादांकडेच. चढावरच्या घरांना आधी, उतारावरच्यांना मागाहून, हा त्यांचा नेम. खालच्यांनी कुरकुर केली की ते शांतपणे सांगत, "उताराला काय, पानी आपलं जातंय. चढाला न्यायला लागतंय."

पुढे बागा गेल्या आणि भराभर इमारती आल्या. मी चिडचिड करायची. गणूदादा नाही. "येऊंदे, मानसंच हायत. तहान लागनारच," एवढंच म्हणायचे. पंचाईत वेगळीच होती. कुठला व्हॉल्व्ह कुठे हे त्यांच्या डोक्यात, आणि तेही झाडं-विहिरींच्या हिशोबाने: फणसापासून नऊ पावलं, विहिरीपासून वीस. पाणीखात्याच्या साहेबांनी नकाशा मागितला तेव्हा त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. सगळे हसले. मीही हसले, याची आता लाज वाटते.

ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी रस्ता रुंद झाला. कामासाठी आमचा व्हॉल्व्ह बंद केला होता, त्यावरच डांबर पडलं. नव्या माणसाला तो काही सापडेना. पाच दिवस आळी कोरडी. शेजारच्या शेखमावशींची लेक बाळंत होऊन घरी आलेली, पाच दिवसांचं पोर घेऊन. मावशी खालच्या इमारतीतून हंडे वाहून आणत होत्या. शेवटी मी रिक्षा करून गणूदादांना घेऊन आले.

ते रिक्षातून उतरले आणि तिथेच उभे राहिले. फणस नव्हता. विहीर बुजवून तिथे पार्किंग झालं होतं. इतकी वर्षं ज्या रस्त्याचं ऐकलं त्याच्यावर त्यांना उभं राहायला जागा सापडेना. मला वाटलं, उगाच आणलं या माणसाला.

तेवढ्यात त्यांना आमची जांभ्या दगडाची पायरी दिसली. ते पायरीला टाच लावून उभे राहिले आणि मोजत निघाले. चौदाव्या पावलाला थांबले. "हितं खना."

हातभर खाली झाकण लागलं. गणूदादांनी चावी स्वतः फिरवली, कान लावला, आणि पहिलं वाक्य शेखमावशींना उद्देशून होतं, "घ्या बाय, पोराला न्हाऊ घाला." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुमची पायरी ऱ्हायली म्हनून गावलं."

त्याच आठवड्यात मी घर पाडून इमारत बांधायच्या बिल्डरच्या कागदावर सही करणार होते. वर्षभर टाळली, मग केलीच. खोटं कशाला सांगू. घर पाडलं त्याआधीच्या पावसाळ्यात गणूदादा गेले.

पायरीचा चिरा मात्र मी हलवू दिलेला नाही. इमारतीच्या फाटकाशी तो आहे तिथेच आहे, नवी बिऱ्हाडं त्याला ठेचकाळतात आणि माझ्या नावाने बोटं मोडतात. पाणीखात्यात नवा माणूस आला की मी त्याला तिथे उभं करते आणि चौदा पावलं चालून दाखवते. गणूदादा बुटके होते. माझ्या चालीने ती बाराच भरतात, म्हणून मी पावलं जरा लहान टाकते.