काशिनाथ, आणि मी लपवलेला खोकला

काशिनाथच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या वीज कार्यालयात नुकताच टेबलाशी बसलो होतो. "हे गेले, भावजी," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता सात आठवडे झाले. कितीदा लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं... कारण लिहायचं तर एक गोष्ट लपवून चालणार नाही.

काशिनाथ आमचा वायरमन, किन्हवलीजवळच्या शेतकरी घरातला. नव्वदच्या सुमारास आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. मी टेबलावर, तो खांबावर. सिद्धगडाकडच्या वाड्यांत लाइट गेली की लोक त्यालाच शोधत यायचे. पाच-सहा वर्षांनी एका पावसाळ्यात त्याला ताप आला. गावात घरोघरी तोच ताप होता, बाकीचे चार दिवसांत उठले. हा मात्र अंगात ताप घेऊनच कामावर जात राहिला. दोन महिन्यांनी पायांवर सूज आली आणि एके दिवशी दम लागून तो निम्म्या खांबावरून खाली उतरला. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाचा स्नायू कमकुवत झालाय. तापाचा विषाणू बहुधा कधीच निघून गेला, पण त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची ताकद थांबलीच नाही, ती हृदयालाच मारत राहिली असावी. काशिनाथ म्हणाला, "म्हंजे चोर गेला, न् राखणदार घरातच काठी चालवतोय." डॉक्टर हसले नाहीत. यापुढे साधा फ्लूसुद्धा या हृदयाला झेपणार नाही, एवढं त्यांनी बजावलं.

त्यानंतरची आठ वर्षं वहिनींनी त्याला जपलं. सर्दी झालेल्या माणसाला त्या अंगणातच बसवायच्या. तो सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेला नाही. नातेवाईक म्हणायचे, हे फार मोठे झाले, माणसं चालत नाहीत यांना. खरं सांगतो, मलाही ते अती वाटायचं.

दिवाळीनंतरच्या रविवारी गेलो तेव्हा माझा घसा दोन दिवस दुखत होता. वहिनींनी दाराशीच विचारलं, "सर्दी-खोकला नाय ना, भावजी?" मी नाही म्हणालो. दीड महिन्यात भेट नव्हती, परत फिरवतील असं वाटलं. तासभर त्याच्याजवळ बसलो. तो खुशीत होता, जुन्या साहेबांच्या नकला करत होता. मी खोकला दाबत हसत होतो.

चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. आठव्या दिवशी कल्याणच्या दवाखान्यात नेलं, तिथून तो परत आला नाही. कुणाकडून लागण झाली ते सांगता येत नाही, काशिनाथची मुलगी शाळेत जाते, घरात ये-जा असते, असं डॉक्टर म्हणाले. मला त्याने काही हलकं वाटलं नाही.

तेराव्यानंतर मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग वर न बघता म्हणाल्या, "त्यांना कळलं होतं. तुमी गेल्यावर मला बोलले, त्याला काय बोलू नको, तो परत यायचा नाय."

अंगणात बसलेल्यांशी बोलता यावं म्हणून काशिनाथने पलंग खिडकीला लावून घेतला होता. पलंग अजून तिथेच आहे. मी जातो, अंगणात बसतो... आणि खिडकीकडे तोंड करून बसायचं मला अजून जमलेलं नाही.